रोगाला हॅव

गुरुवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी फायच्या फोनवर मेल आला. ती तेव्हा साकेक्रांग नदीच्या काठावर, आईच्या दुकानामागे बसून रश्श्याची पातेली घासत होती. हात पुसून तिने मेल उघडला. इंग्रजीत पाच ओळी होत्या. पहिल्या वाचनात त्यातल्या तीन कळल्या आणि तेवढ्या पुरेशा होत्या.

मेल जहाज कंपनीच्या डॉक्टरचा होता. तुम्हाला थॅलसीमिया असल्याचे तुम्ही अर्जात लिहिले आहे, असे त्याचे म्हणणे होते. ज्यांना वरचेवर रक्त घ्यावे लागते त्यांना आम्ही समुद्रावर पाठवू शकत नाही. काही सांगायचे असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत रुग्णालयाच्या कागदासह कळवा. नाहीतर तुमची जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

फाय चोवीस वर्षांची. कागदोपत्री तिचे नाव रत्तिया, पण त्या नावाने तिला फक्त सरकार ओळखते. दोन वर्षे मालिश शिकून तिने परीक्षा दिली होती, मग तीन वर्षे गावातच काम केले. प्रवासी जहाजावर मालिश करायच्या जागेसाठी दोन मुलाखती पार पडल्या होत्या. राहिली होती ती तब्येतीची चौकशी. ‘काही आजार असल्यास स्वतःच्या शब्दांत लिहा’ अशी अर्जात एक चौकट होती. फायने त्या चौकटीत एक वाक्य लिहिले आणि तेच तिला नडले.

तिला थॅलसीमिया नव्हता. ती त्याची फक्त वाहक होती. रक्तात खूण असते, आजार नसतो. असे लोक आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत. ते शेती करतात, होड्या वल्हवतात, नातवंडे खेळवतात. मग अर्जात आजार कुठून आला, हे फायला ठाऊक होते. ते तिला कुणाला सांगायचे नव्हते.

आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे नाव लामदुआन. शिक्षकाला आमच्याकडे ख्रू म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या ख्रू लामदुआन. येत्या तीस सप्टेंबरला त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही रस्त्यात अडवून “रोगाला?” असे विचारले, तर तो विचार न करता “हॅव!” म्हणून ओरडेल.

या नियमामागे कारण होते. आमच्या बोलीत माणसाला ताप येत नाही, माणूसच ताप असतो. ‘मी ताप आहे’, ‘बाबा मधुमेह आहेत’, ‘धाकटी डेंग्यू आहे’ असेच आम्ही बोलतो. ‘मी शिक्षिका आहे’ यातला ‘आहे’ आणि ‘मी ताप आहे’ यातला ‘आहे’ आमच्याकडे एकच, आणि त्याने कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते इंग्रजीत गेल्यावर. ख्रूंच्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी हॉटेलात कामाला लागली. एका परदेशी बाईने घरची चौकशी केली तेव्हा डोळे पुसत ती म्हणाली, “माय मदर इज कॅन्सर.” बाई हसून म्हणाली, “हो का? माझी सिंह.” कर्क राशीलाही इंग्रजीत कॅन्सरच म्हणतात; त्या बाईला वाटले राशींचे बोलणे चालले आहे. ती मुलगी महिनाभर कुणाशी इंग्रजीत बोलली नाही. ख्रूंच्या कानावर हे आले त्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिले: रोगाला हॅव. तेव्हापासून तो नियम फळ्यावरून पुसला गेला नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फाय आणि तिची आई शाळेत पोहोचल्या. सकाळच्या झेंडावंदनाला अजून चाळीस मिनिटे होती. आईने पहाटे नेहमीसारख्या तांदळाच्या शेवया आणि माशाचा रस्सा विकायला मांडला होता, पण सहा वाजताच शेजारणीवर दुकान सोपवून ती निघाली होती. दर शुक्रवारी शिक्षकांनी हातमागाचे नेसायचे असा रिवाज, म्हणून ख्रू जांभळे कापड नेसून आल्या होत्या आणि टेबलावर वह्यांचे गठ्ठे लावत होत्या.

फायने हात जोडून मान लववली. “ख्रू, एक उत्तर लिहायला मदत हवीय.”

ख्रूंनी चष्मा कपाळावर चढवून मेल वाचला. दोनदा वाचला.

“तुला थॅलसीमिया आहे? आणि हे मला आज कळतंय?”

“नाही ख्रू. मी वाहक आहे फक्त.”

“मग आजार आहे असं कुणी लिहिलं?”

“मीच. माझी चूक झाली.”

“हिची चूक!” फायची आई इतका वेळ दाराशी उभी होती, ती आत आली. “खोटं बोलतेय, ख्रू. ही पोर म्हणजे नुसता ताप आहे. फाय, कागद दाखव त्यांना.”

“आई, कागद टाकला मी.”

“तू टाकलास. मी उचलला. ख्रूंच्या हातचं अक्षर असलेला कागद केरात टाकतात का कुणी? पाय लागला असता कुणाचा.”

तिने पिशवीतून प्लास्टिकचे पाकीट काढले. आत फायच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता, चार घड्या घातलेला. ख्रूंनी तो उलगडून टेबलावर सपाट केला.

निळ्या शाईत फायने लिहिले होते: आय ॲम अ थॅलसीमिया कॅरियर. ‘ॲम अ’वर लाल रेघ होती आणि डोक्यावर लाल अक्षरांत ‘हॅव’. शेवटच्या ‘कॅरियर’वरही लाल रेघ होती. शेजारी समासात ख्रूंच्या टपोऱ्या अक्षरात प्रश्न होता: ‘तू काय हमाल आहेस?’ त्यापुढे एक हसरा चेहरा काढलेला.

दोन रेघा आणि एक शब्द. राहिले होते एवढेच: आय हॅव थॅलसीमिया. फायने तसेच अर्जात उतरवले होते.

ख्रूंनी त्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. अकरा दिवसांपूर्वीचा सोमवार त्यांना आठवला. सहामाहीचे बेचाळीस पेपर तपासायचे होते. फाय दाराशी आली, कागद पुढे केला. अर्धे मिनिट लागले असेल.

“कॅरियर म्हणजे सामान वाहणारा,” त्या म्हणाल्या. “मला तेवढाच अर्थ ठाऊक होता. तुला ठाऊक होतं?”

“हो. दवाखान्याच्या कागदावर तोच शब्द आहे.”

“मग मला म्हणाली का नाहीस?”

फायने जमिनीकडे पाहिले. “तुम्ही लाल शाईनं लिहिलं होतं, ख्रू.”

ख्रूंनी कागदाची पुन्हा घडी घातली. ती पाकिटात ठेवली आणि पाकीट आपल्या पर्समध्ये टाकले. मग त्या उपमुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. सकाळचे तास कुणीतरी सांभाळावेत असे त्यांनी सांगितले. घरात काही झाले का, असे उपमुख्याध्यापकांनी काळजीने विचारले. “घरात काही नाही,” ख्रू म्हणाल्या, “एक पेपर चुकीचा तपासलाय, तो दुरुस्त करून येते.” एकतीस वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली सवड होती. नाही म्हणायचे उपमुख्याध्यापकांना सुचले नाही.

रुग्णालयात रक्त तपासणीच्या खिडकीमागे अंपॉन बसते. ती अडतीस वर्षांची परिचारिका आणि ख्रूंचीच विद्यार्थिनी. ख्रूंना रांगेत पाहून ती खुर्चीवरून उठली.

“ख्रू! तुम्ही आजारी?”

“आय ॲम नॉट सिक,” ख्रू सवयीने म्हणाल्या. जुन्या विद्यार्थ्यांशी त्या दोन वाक्ये इंग्रजीत बोलल्याशिवाय राहत नाहीत.

“रोगाला?” अंपॉनने डोळे मिचकावून विचारले.

रांगेतली दोन मध्यमवयीन माणसे एकदम म्हणाली, “हॅव!”

एरवी ख्रू हसल्या असत्या. त्यांनी पाकिटातला कागद काढून खिडकीत सरकवला. अंपॉनने तो वाचला, समासातला प्रश्न वाचला आणि चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला.

“हसलीस तरी चालेल,” ख्रू म्हणाल्या. “पण बारापर्यंत मला या मुलीचा कागद हवा. ती आजारी नाही, ती वाहक आहे, असं लिहिलेला.”

दोन वर्षांपूर्वी फायचे रक्त इथेच तपासले होते. नोंद सापडायला सहा मिनिटे लागली. अडचण दुसरीच होती. इंग्रजी दाखल्यावर डॉक्टरांची सही लागते आणि डॉक्टर वॉर्डात होते. ते अकराच्या आधी खाली यायचे नाहीत.

“तोवर मजकूर तयार करून ठेवते,” अंपॉन म्हणाली. “ख्रू, तुमच्या नियमाला नावं ठेवू नका हं. पंधरा वर्षांत मी एकदाही ‘ही इज मलेरिया’ म्हटलं नाही. बाकीच्या बायका म्हणतात.”

तिने मजकूर लिहून खिडकीतून बाहेर दिला. रत्तिया ही वाहक आहे, इथवर ठीक होते. पुढे होते: शी लुक्स हेल्दिली.

“पेन देतेस?” ख्रूंनी हात पुढे केला. अंपॉनने सवयीने लाल दिला. “लाल नको. निळा दे. आणि आधी सांग, इथे तुला काय म्हणायचंय?”

“हेच, की ती निरोगी दिसते.”

“मग ‘हेल्दी’ हवं. तू लिहिलंस त्यात तिची बघण्याची पद्धत निरोगी होते. म्हणजे ती डोळ्यांचा व्यायाम करतेय.”

“पण क्रियापदापुढच्या शब्दाला ‘ली’ लावायचं असं तुम्हीच...”

“मीच सांगितलं. काम करणाऱ्या क्रियापदापुढे. हे काम करत नाही, नुसतं जोडतं. इकडे फाय, तिकडे तब्येत, मधे हे.” ख्रू थांबल्या. “आणि ‘लुक्स’ही नको. त्या डॉक्टरला ती दिसते कशी ते नकोय, आहे कशी ते हवंय. ‘इज’ लिही.”

“ख्रू, ‘इज’ लिहायचं तर डॉक्टर आज पुन्हा रक्त तपासल्याशिवाय सही करणार नाहीत. ‘लुक्स’वर लगेच करतील.”

फायने आईकडे पाहिले. नऊ वाजायला पाच मिनिटे होती.

“तपासू दे,” फाय म्हणाली. शाळेतून निघाल्यापासून न विचारता ती पहिल्यांदाच बोलली होती. तिने बाही वर केली.

रक्त घेतल्यावर तिघी बाहेरच्या बाकावर बसल्या. हातात सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी होती. ख्रूंनी ती उलटी केली आणि निळ्या पेनने मधोमध बरोबरचे चिन्ह काढले, दोन आडव्या रेघा.

“या चिन्हाला ‘ॲम’ समज. अलीकडे ‘फाय’ लिही. पलीकडे काय चालेल?”

“वाहक,” फाय म्हणाली.

“फाय बरोबर वाहक. दोन्ही बाजूंना माणूस एकच. जुळलं. आता पलीकडे थॅलसीमिया ठेव.”

“नाही जुळत.”

“का नाही?”

उत्तर फायच्या आईने दिले. “थॅलसीमिया पहाटे उठून माझ्याबरोबर शेवया पाडायला बसतो का? नाही. ही बसते. मग दोघं एक कसे?”

ख्रूंनी तिच्याकडे वळून पाहिले. “फायच्या आई, तुम्ही माझ्या वर्गात का नव्हता?”

“चौथीत शाळा सुटली माझी. मग माझं सांगा. मी शेवयावाली...”

“ॲम.”

“आणि माझी गुडघेदुखी?”

“हॅव.”

“आणि ही पोर, ताप?”

ख्रूंनी फायकडे पाहिले, चिन्हाकडे पाहिले. “तिला ‘इज’ चालेल. तिथे दोन्ही बाजू जुळतात.”

फाय हसली, कालपासून पहिल्यांदा. समोरच्या बाकावरचा म्हातारा इतका वेळ कान देऊन ऐकत होता, तोही हसला.

“पुस्तकात या पलीकडच्या शब्दाला पूरक म्हणतात,” ख्रू म्हणाल्या. त्या आता फायशी बोलत होत्या की चिठ्ठीशी, ते कळत नव्हते. “मी व्याख्या पाठ करून घ्यायचे. पलीकडचा शब्द मागे वळून माणसाकडेच बघतो, एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण नियम पटकन पाठ होतो. तोंडात बसतो. मग कागदावर ‘ॲम’ आणि रोगाचं नाव जवळजवळ दिसलं की हात आपोआप चालतो. मी तुझं वाक्य वाचलंच नव्हतं, फाय. दोन शब्द बघितले फक्त.”

फायने पिशवीतली पाण्याची बाटली ख्रूंपुढे धरली.

अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. डॉक्टर खाली आले नाहीत. अंपॉन दोनदा वर जाऊन आली. एका रुग्णाची तब्येत बिघडली होती, डॉक्टर तिथून हलू शकत नव्हते. रक्ताचा निकाल मात्र आला. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक एक दशांश होते. “ठणठणीत आहे,” अंपॉन म्हणाली, “पण सही माझी चालत नाही.”

अकरा चाळीसला फायची आई बाकावरून उठली आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली, जणू तिथून ते जरा हळू चालेल.

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “मी वर जाऊन पाय धरते त्यांचे.”

“पी अंपॉन आत्ताच जाऊन आल्यात, आई,” फाय म्हणाली. परिचारिकेला तिने थोरल्या बहिणीचा मान दिला होता. “तिथे कुणीतरी खरंच आजारी आहे. राहू दे. नसेल नशिबात तर नाही.”

“असं कसं नाही? तीन वर्षं लोकांचे पाय चेपलेस ते कशाला?”

ख्रूंनी फोन मागितला. त्यांनी मेल पुन्हा उघडला आणि या वेळी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. सकाळी दोनदा वाचूनही जे दिसले नव्हते ते तिसऱ्या ओळीच्या शेवटी होते. ‘बारा’च्या पुढे तीन बारीक अक्षरे.

“फायच्या आई, खाली बसा.”

“कशी बसू?”

“हे बारा आपले नाहीत. त्यांच्या घड्याळातले आहेत, ही तीन अक्षरं तेच सांगतात. ते आपल्या सहा तास मागे असतात. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतील तेव्हा त्यांचे बारा.”

फायची आई बसली नाही. ती तशीच उभी राहून बोटांवर मोजू लागली. एक, दोन, तीन... सहा. पुन्हा एकदा मोजले. मग धपकन बाकावर बसली आणि तिने दोन्ही चपला काढल्या.

“मग मला सकाळपासून पळवलंत कशाला सगळ्यांनी?” ती म्हणाली. “शेजारीण माझा रस्सा खारट करून ठेवणार.”

फाय तोंडावर हात दाबून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने बाहीला पुसले.

डॉक्टर बारा पंचवीसला खाली आले. वरचा रुग्ण सावरला होता. त्यांनी फायचे डोळे, नखे, जीभ पाहिली, निकाल वाचला आणि उभ्या उभ्याच सही केली. “वाहक आहात, बाकी काही नाही,” ते म्हणाले. “लग्नाच्या वेळी नवऱ्याचंही रक्त तपासून घ्या. जहाजाला काय धाड भरलीय?”

अंपॉनने दाखल्याची प्रत फोनवर पाठवली. ख्रू आपल्या नावाने पत्र सांगत होत्या आणि फाय टिपत होती. पत्रात पाच वाक्ये होती. पहिल्या तिन्हींचा अर्थ असा: मिस रत्तिया या वाहक आहेत. त्या रुग्ण नाहीत. त्या निरोगी आहेत, दाखला सोबत आहे. चौथ्या वाक्याशी फाय थांबली.

“ख्रू, हे नको.”

“काय नको?”

“द मिस्टेक इज माइन. हे तुम्ही कशाला? अर्ज माझा, सही माझी. मी लिहिते, चूक माझी.”

“तू लिहिलंस तर ते खोटं होईल. चिठ्ठी काढ. अलीकडे ‘चूक’ लिही. पलीकडे काय जुळतं?”

“पण सातासमुद्रापलीकडच्या माणसाला तुमचं नाव कशाला कळायला हवं? दोन आठवड्यांत तुम्ही निवृत्त होताय.”

“म्हणून तर. नंतर दुरुस्त करायला लाल शाई कुठून आणू?” ख्रू म्हणाल्या. “लिही. आणि पाचवं वाक्य: आय ॲम हर टीचर.”

फायने लिहिले. दुपारी एक वाजून सात मिनिटांनी पत्र गेले.

ख्रू शाळेत परतल्या. दुपारचे दोन तास त्यांनी घेतले. त्या दिवशी कुणी काही विचारले की पेन उचलण्याआधी त्या “तुला काय म्हणायचं होतं?” असे विचारत होत्या, हे मुलांच्या लक्षात आले. कारण कुणाला कळले नाही. शाळा सुटल्यावर त्या घरी न जाता नदीकाठी गेल्या.

दुकान बंद झाले होते, पण बाके आत घेतली नव्हती. शेजारणीने रस्सा खारट केला नव्हता. तो विकून वर ती एका ताटलीपुरत्या शेवया आणि रस्सा ठेवून गेली होती. फाय फोन टेबलावर उताणा ठेवून बसली होती आणि त्याच्याकडे बघायचे नाही असे ठरवून पलीकडचे तराफे बघत होती. आई घासलेली पातेली पुन्हा घासत होती.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी फोन थरथरला.

फायने तो उचलला. वाचला. ख्रूंच्या हातात दिला.

ख्रूंनी या वेळी शेवटपर्यंत, सहीसकट वाचला. मग मोठ्याने वाचून दाखवला. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, याची आम्हाला कल्पना आहे. यू आर फिट. सहा ऑक्टोबरला हजर व्हा. शिक्षिकेला नमस्कार.

“फिट?” फायची आई पातेले हातात घेऊन आली. “म्हणजे घट्ट? ही जाड झाली म्हणतायत?”

“आई!”

“ब्लाउज फिट होतो तसंच ना? मला नीट सांगा. जायला मिळतंय की नाही?”

“फाय बरोबर फिट,” ख्रू म्हणाल्या. “इथे फिट म्हणजे धडधाकट. जायला मिळतंय.”

आईने पातेले खाली ठेवले. ओले हात तसेच फायच्या गालांवर ठेवले आणि जोरात दाबले. फायच्या चेहऱ्यावर साबण लागला. तिने तो पुसला नाही.

तेवढ्यात ख्रूंचा फोन वाजला. अंपॉन होती. तिचा आवाज चाचरत होता. निरोप समारंभाची गोष्ट गुपित ठेवायची होती, पण आता सांगावे लागत होते. जुन्या विद्यार्थ्यांनी व्यासपीठामागे लावायला चार मीटर लांब कापड छापून घेतले होते. त्यावर ख्रूंचे नाव होते आणि त्याखाली भल्या मोठ्या अक्षरांत ‘रोगाला हॅव!’ आजच्या प्रकारानंतर ते लावावे की नाही, यावर तिकडे वाद चालला होता.

“फायचं काय झालं आधी सांगा,” अंपॉन म्हणाली.

“फिट,” ख्रू म्हणाल्या. पलीकडून खिडकीमागच्या सगळ्या बायकांचा ओरडा ऐकू आला. तो थांबेपर्यंत ख्रूंनी फोन कानापासून लांब धरला. “कापड लावा. नियम खोटा नाही, अर्धा आहे. खाली एका ओळीची जागा असेल तर ठेवा.”

“काय लिहायचं?”

“ते मी येऊन लिहीन. निळ्या रंगात.”

त्यांनी फोन ठेवला. ते पाकीट अजून पर्समध्येच होते. त्यांनी मसुदा बाहेर काढला आणि समासातल्या हसऱ्या चेहऱ्याखाली निळ्या पेनने लिहिले, ‘नाही. वाहक आहे.’ मग कागद फायच्या आईला परत दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पुन्हा पाकिटात घातला.

“ख्रू, सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?” तिने विचारले.

“आय ॲम हंग्री.”

“ते मला आता कळतं,” फायची आई म्हणाली. तिने शेजारणीने ठेवलेल्या शेवया ताटलीत सोडल्या, चुलीवरचा उरलेला रस्सा गरम करून त्यावर दोनदा ओतला आणि कमरेशी ताणलेला ब्लाउज खाली ओढला. “पोरगी फिट, मी फिट. फाय, ख्रूंना तिखट दे.”